माकडहाड, बसणे आणि वीस मिलिसेकंद

माकडहाडाचे, म्हणजे पाठीच्या कण्याच्या अगदी खालच्या टोकाचे, हे दुखणे बसल्यावर जाणवते, पण त्याची खरी कळ उठताना येते, ही गोष्ट मी पहिल्या डॉक्टरांना सांगितली तेव्हा त्यांनी मान हलवली, पण ती लिहून घेतली नाही. ओल्या पायरीवरून पाय सटकून मी थेट बुडावर आपटले होते, त्याला तेव्हा पाच महिने झाले होते. आडवे झोपवून काढलेल्या एक्स-रेमध्ये हाड मोडलेले नव्हते, त्याला चीरही गेलेली नव्हती, आणि त्यावरून काही झालेलेच नाही असा निष्कर्ष निघाला. गोळ्या मिळाल्या आणि ‘त्याकडे फार लक्ष देऊ नका’ असा सल्ला मिळाला. मी तो मनापासून पाळायचा प्रयत्न केला, पण खुर्चीला टेकले की लक्ष आपोआप तिथेच जाई.

जवळजवळ दोन वर्षांनी एका वेदनातज्ज्ञ डॉक्टरांनी हेच वाक्य ऐकले आणि त्या थबकल्या. ‘‘उठताना येणारी कळ किती वेळ राहते? उभं राहिल्यावर ओसरते का?’’ त्यांनी विचारले. मी सांगितले की वीस-पंचवीस सेकंद राहते, तेवढा वेळ टेबलाची कड धरून उभे राहावे लागते आणि मग ती हळूहळू उतरते. त्यांनी ते शब्दशः लिहून घेतले, आणि त्या लिहीत असताना मला रडू आले. जुनाट दुखण्याचा माणूस औषधाइतकाच आपले म्हणणे कुणीतरी कागदावर उतरवण्याची वाट पाहत असतो, हे मला त्या दिवशी कळले.

उठताना येणारी ती कळ हे एक लक्षण होते. बसल्यावर माकडहाड जागचे सरकत असेल किंवा प्रमाणाबाहेर वाकत असेल, तर उठताना ते परत आपल्या जागी येते आणि नेमक्या त्या क्षणी दुखते. मग बसल्यावर दुखणाऱ्या हाडाचा एक्स-रे माणसाला झोपवून का काढायचा? प्रश्न साधा आहे, पण तो गांभीर्याने घेतला गेला तो १९९० च्या दशकात. फ्रान्समधील डॉक्टर जाँ-इव्ह मेन्य यांनी रुग्णाचे दोन एक्स-रे काढण्याची पद्धत रूढ केली : एक उभे असताना आणि दुसरा कठीण बैठकीवर बसवून, दुखेल इतके मागे रेलायला लावून. दोन्ही चित्रे एकावर एक ठेवली की हाड किती अंशांनी वळले ते मोजता येते, आणि हा फरक पंचवीस अंशांपेक्षा जास्त असेल तर हालचाल प्रमाणाबाहेर आहे असे मानतात. २००० साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २०८ रुग्णांपैकी सुमारे ७० टक्के जणांमध्ये हाडाच्या हालचालीत किंवा टोकाशी दाखवता येईल असा दोष सापडला होता. माझे माकडहाड बसल्यावर तीस अंशांहून अधिक आत वळत होते. दोन वर्षे ज्याला काहीच नाही असे म्हटले गेले, ते पडद्यावर दोन रेघांमधला कोन होऊन माझ्यासमोर उभे राहिले.

माकडहाड या शब्दाविषयी थोडे बोलायला हवे, कारण या दुखण्यातला एक मोठा भाग हा शब्द उच्चारता न येण्याचा आहे. पाठ दुखते, मान धरली आहे, गुडघे कुरकुरतात, ही वाक्ये चारचौघांत सहज बोलली जातात. माकडहाड दुखते म्हटले की समोरच्या चांगल्या माणसाच्याही ओठांवर क्षणभर हसू येते, आणि त्यात त्याचा दोष नाही, शब्दच तसा आहे. मी बरेच दिवस ‘कंबर दुखते’ म्हणून वेळ मारून नेली. त्याचा परिणाम असा झाला की सगळे कंबरेचे उपाय सांगू लागले, खुर्चीत नीट मागे टेकून बसायला सांगू लागले, आणि मागे टेकणे हीच तर माझ्यासाठी सर्वांत वाईट गोष्ट होती. ग्रीकांनी याच हाडाला कोकिळकुळातल्या एका पक्ष्याच्या चोचीवरून नाव दिले, कारण बाजूने पाहिल्यावर ते तसे टोकदार आणि आत वळलेले दिसते. एक्स-रेमध्ये मी पाहिलेही तसेच. ते नाव आपल्याकडे असते तर मी कदाचित लवकर बोलले असते.

या दुखण्याला वैद्यकातले नाव दिले ते एडिंबराच्या जेम्स यंग सिम्पसन यांनी, १८५९ मध्ये. बाळंतपणाच्या कळा कमी करण्यासाठी १८४७ साली क्लोरोफॉर्म वापरणारे ते हेच सिम्पसन. बायकांच्या ज्या दुखण्याला तोवर नाव नव्हते त्याला नाव देणारा माणूस बाळंतिणीच्या वेणाही सहन करायच्या गोष्टी मानत नव्हता, या योगायोगाविषयी मला अजून कृतज्ञता वाटते. हे दुखणे पुरुषांपेक्षा बायकांमध्ये सुमारे पाचपट आढळते. ओटीपोटाच्या हाडांची ठेवण आणि बाळंतपणात या हाडावर येणारा दाब ही त्याची नेहमी सांगितली जाणारी कारणे. शस्त्रक्रिया तर नावापेक्षाही जुनी आहे. अमेरिकेतील जोसिया नॉट यांनी १८४४ मध्येच दुखणारे माकडहाड काढून टाकल्याची नोंद केलेली आहे. म्हणजे हाड काढून टाकण्याची कल्पना आधी आली, आणि त्याच्याशी जुळवून घेण्याची, त्याच्या संवेदनेशी बोलणी करण्याची कल्पना दीडशे वर्षांनी.

बसलेल्या माणसाचा भार तीन ठिकाणी वाटला जातो : बैठकीची दोन हाडे आणि मागे माकडहाड. पुढे झुकले की भार त्या दोन हाडांवर जातो, मागे रेलले की माकडहाडावर. तीन ते पाच छोट्या मणक्यांचे हे टोक आहे, बहुतेकांमध्ये चारांचे. त्याला ओटीपोटाचा तळ सांभाळणारे स्नायू येऊन चिकटतात, नितंबाच्या मोठ्या स्नायूचे काही धागे चिकटतात, आणि हाडाला हाड बांधणारे अस्थिबंधही. शेपटीचा अवशेष म्हणून निरुपयोगी समजले जाणारे हे हाड प्रत्यक्षात एका मोठ्या झोळीची मागची खुंटी आहे. खुंटी दुखावली की झोळी ताठरते, आणि ताठरलेली झोळी खुंटीला ओढत राहते. माझ्या फिजिओथेरपिस्टने पहिल्याच दिवशी सांगितले की तुम्हाला स्नायू बळकट करायचे नाहीत, सैल सोडायला शिकायचे आहे, आणि ते शिकायला मला चार महिने लागले.

मराठीत बसण्याचा संसार किती मोठा आहे हे मला बसता येईनासे झाल्यावर जाणवले. घडी बसते, जम बसतो, विश्वास बसतो, धक्का बसतो, आवाज बसतो, हिशेबाचा मेळ बसतो. या सगळ्यांत एखादी गोष्ट आपल्या जागी येऊन स्थिर होण्याचा अर्थ आहे, आणि मला नेमके तेच येत नव्हते. सभेत मी भिंतीला टेकून उभी राहत असे. लांबच्या प्रवासाला नकार देत असे आणि कारण वेगळे सांगत असे. आजारी माणसाला भेटायला गेले तरी त्याच्या उशाशी बसणे दहा मिनिटांच्या पुढे जमत नसे, आणि मी घाईत आहे असा त्याचा समज होई. हे शेवटचे मला सर्वांत जास्त लागले. बसणे म्हणजे दुसऱ्याला वेळ देणे असते. माझ्याजवळ वेळ होता, पण तो बसून देता येत नव्हता.

उशांविषयी जरा सविस्तर सांगते, कारण त्याविषयी चुकीचा सल्ला फार मिळतो. मधोमध भोक असलेली गोल उशी सगळे सुचवतात, मीही पहिली तीच घेतली. तिच्यात माकडहाड अधांतरी राहील असे वाटते, पण मागे रेलले की ते उशीच्या मागच्या कडेवरच टेकते, आणि मधल्या पोकळीमुळे आजूबाजूचे सगळे खाली ओढले जाते. मला उपयोग झाला तो पाचरीसारख्या उतरत्या उशीचा, जिला मागच्या बाजूने इंग्रजी यू अक्षरासारखी खाच कापलेली असते आणि ती खाच मागे थेट उघडी असते. तिच्यावर मांड्या आणि बैठकीची हाडे भार घेतात, अंग आपोआप किंचित पुढे झुकते आणि माकडहाडाखाली काहीच राहत नाही. ती उशी मी इतकी सोबत नेली की तिच्या खोळीची शिवण दोनदा उसवली.

गोळ्या, उशी, गरम पाण्याचा शेक आणि फिजिओथेरपी यांनी बहुतेक माणसे बरी होतात, आणि हे ठासून सांगितले पाहिजे, कारण मी पुढे ज्या उपचाराविषयी लिहिणार आहे तो पहिल्या महिन्यातला उपचार नाही. दुखणे तीन महिन्यांच्या पुढे गेले की त्याला जुनाट म्हणतात, आणि त्यानंतरही बराच काळ साध्या उपायांना संधी द्यायची असते. माझ्या बाबतीत सांध्याजवळ दिलेल्या स्टिरॉइडच्या इंजेक्शनने सात आठवडे छान गेले आणि आठव्या आठवड्यात सगळे परत आले. दुसऱ्या इंजेक्शनने तेवढेही मिळाले नाही.

मग विषय निघाला गँग्लियन इम्पारचा. मणक्याच्या दोन्ही बाजूंनी मानेपासून खालपर्यंत अनुकंपी चेतासंस्थेच्या, म्हणजे शरीराच्या आपोआप चालणाऱ्या क्रिया सांभाळणाऱ्या चेतातंतूंच्या, दोन साखळ्या उतरत येतात, आणि त्यांच्यावर ठिकठिकाणी चेतापेशींचे पुंजके असतात, डावा आणि उजवा असे जोडीने. अगदी खाली, त्रिकास्थी (माकडहाडाच्या वरचे त्रिकोणी हाड) आणि माकडहाड जिथे जुळतात त्या सांध्याच्या पुढच्या अंगाला, दोन्ही साखळ्या एकत्र येतात आणि तिथला शेवटचा पुंजका एकटा असतो. इम्पार म्हणजे ज्याला जोडी नाही तो. माकडहाड आणि त्याच्या भोवतालच्या भागातून निघणाऱ्या वेदनेच्या संदेशांचा एक मार्ग या पुंजक्यातून जातो. १९९० मध्ये मेक्सिकोतील डॉक्टर प्लांकार्ते यांनी इथे औषध टोचून कर्करोगाच्या रुग्णांची त्या भागातली वेदना कमी करण्याची पद्धत मांडली, आणि पुढे तीच जागा माकडहाडाच्या दुखण्यासाठीही वापरात आली.

पहिल्यांदा तिथे फक्त बधिर करणारे औषध देतात. तो इलाज नसतो, ती परीक्षा असते : दुखणे खरोखर या वाटेने येते का? मला पालथे झोपवून पोटाखाली उशी दिली होती आणि सुई कुठे पोचली ते एक्स-रेने दाखवणारा पडदा मला दिसेल असा वळवला होता. डॉक्टर सांध्याच्या मधून सुई पुढे नेत होत्या. आत काहीतरी खरखरीत भागातून जात असल्यासारखे वाटले, मग अडथळा संपल्यासारखा झाला. हाडाच्या लगेच पुढे गुदाशय असते, त्यामुळे सुईने सांधा तर ओलांडायचा, पण त्यापुढे दोन-तीन मिलिमीटरही जास्त जायचे नाही, असे त्यांनी आधीच समजावले होते. त्यांनी एक्स-रेत दिसणाऱ्या रंगद्रव्याचा एक थेंब सोडला. तो हाडाच्या पुढच्या कडेने वर-खाली पसरला आणि पडद्यावर एक छोटासा काळा स्वल्पविराम उमटला. ‘‘हा आकार दिसला की आम्ही योग्य जागी आहोत,’’ त्या म्हणाल्या. हा आकार या प्रक्रियेची ठरलेली खूण आहे, हे मला नंतर कळले.

अर्ध्या तासाने मला खुर्चीवर बसायला सांगितले. साधी, कठीण, प्लॅस्टिकची खुर्ची होती. मी सवयीने डाव्या मांडीवर भार घेऊन तिरकी बसले. धाकटी बहीण सोबत होती, ती म्हणाली, ‘‘ताई, सरळ बसून बघ ना.’’ मी सरळ बसले. मग मागे रेलले. काही झाले नाही. दोन वर्षांनंतर माझी पाठ खुर्चीच्या पाठीला लागली होती, आणि मी किती घट्ट दात आवळून जगत होते हे जबडा सैल पडल्यावर समजले. आम्ही चाळीस मिनिटे तिथे बसून राहिलो, फारसे काही न बोलता. संध्याकाळपर्यंत औषध उतरले आणि दुखणे परत आले, पण आता त्याची वाट माहीत झाली होती.

मी डॉक्टरांना म्हणाले की हाच पुंजका असेल तर तो जाळून टाका. मला ठाऊक होते की तसे करता येते. रेडिओफ्रिक्वेन्सीच्या, म्हणजे अतिशय वेगाने दिशा बदलणाऱ्या विद्युतप्रवाहाच्या, नेहमीच्या पद्धतीत सुईच्या टोकाशी सुमारे ऐंशी अंश सेल्सिअस तापमान निर्माण करतात आणि तिथला चेतातंतूंचा भाग उष्णतेने निकामी होतो. त्यांनी नाही म्हटले नाही, पण ‘आधी नको’ म्हटले. ‘‘तुमचं दुखणं नुसतं या पुंजक्याचं नाही, सांध्याचंही आहे, स्नायूंचंही आहे. पुढे गुदाशय आहे. सौम्य उपाय आधी करू. तो कमी पडला तर जाळण्याचा पर्याय नंतरही असेल. उलट्या क्रमाने मात्र जाता येणार नाही.’’ त्या सौम्य उपायाचे नाव पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सी. मला सौम्य हा शब्द तेव्हा आवडला नव्हता. इतकी वर्षे दुखल्यावर माणसाला सौम्य काही नको असते.

नेदरलँड्समधील भूलतज्ज्ञ मेन्नो स्लाउटर यांनी सहकाऱ्यांसह ही पद्धत पुढे आणली आणि १९९८ मध्ये तिच्यावरचा पहिला अहवाल प्रसिद्ध झाला. प्रश्न असा होता की रेडिओफ्रिक्वेन्सीचा गुण येतो तो उष्णतेमुळे की विद्युतक्षेत्रामुळे, आणि उष्णता वगळली तर काय उरते. म्हणून त्यांनी प्रवाह सलग न देता तुकड्यातुकड्यांनी द्यायचे ठरवले. एका सेकंदात दोन स्पंदने, प्रत्येक वीस मिलिसेकंदांचे, आणि त्यानंतर चारशे ऐंशी मिलिसेकंदांची विश्रांती. त्या विश्रांतीत रक्तप्रवाह उष्णता वाहून नेतो आणि तापमान बेचाळीस अंशांच्या वर जात नाही. पेशी कायमच्या मरायला लागतात ते साधारण पंचेचाळीसच्या पुढे. मला यातल्या आकड्यांनी फार विचारात पाडले. माझ्यावर दोन-दोन मिनिटांची तीन आवर्तने झाली, म्हणजे सहा मिनिटे. त्या सहा मिनिटांत प्रत्यक्ष प्रवाह वाहिला तो शंभरातले चार भाग, सगळा मिळून साडेचौदा सेकंदही नाही. बाकीचा सर्व वेळ यंत्र थांबलेले होते. पण वीस मिलिसेकंदांचे एक स्पंदनही काही लहान नाही : सेकंदाला पाच लाख आवर्तनांच्या हिशेबाने तेवढ्यात विद्युतक्षेत्र दहा हजार वेळा हेलकावे घेते.

तो दिवस पहिल्या दिवसासारखाच सुरू झाला. पालथे झोपणे, पोटाखाली उशी, पडद्यावर तेच वळलेले टोक. वेगळी होती ती मांडीवर चिकटवलेली गार पट्टी, जिच्यातून प्रवाह परत जातो, आणि सुईत सरकवलेली केसासारखी तार. आधी परीक्षा झाली. सेकंदाला पन्नास स्पंदनांचा अगदी हलका प्रवाह सोडून त्यांनी विचारले, ‘‘कुठे जाणवतंय? नेहमी दुखतं तिथेच का?’’ मुंग्या आल्या आणि त्या थेट माझ्या दुखण्याच्या जागी आल्या. माझ्या दुखण्याला असे बाहेरून, नेमके, हव्या त्या क्षणी हाक मारता येते आणि थांबवता येते, हे अनुभवताना मला भीती वाटली नाही, उलट धीर आला. मग सेकंदाला दोन स्पंदनांनी तपासून स्नायू आखडत नाहीत ना ते पाहिले. आणि मग खरा उपचार. आत खोलवर कुणीतरी बोटाने एका लयीत टकटक करत असल्यासारखे वाटत होते. दुखत नव्हते. यंत्रावर एकेचाळीस, बेचाळीस, एकेचाळीस असे आकडे हलत होते आणि मी ते मोजत पडून राहिले.

या पद्धतीने काहीच नष्ट होत नाही असे सर्रास सांगितले जाते, आणि ते पूर्ण खरे नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिल्यावर प्राण्यांच्या चेतातंतूंमध्ये बारीक बदल दिसलेले आहेत, आणि ते वेदना वाहून नेणाऱ्या बारीक तंतूंमध्ये जास्त, स्पर्श वाहून नेणाऱ्या जाड तंतूंमध्ये कमी आहेत. उंदरांवरील प्रयोगांत मज्जारज्जूच्या मागच्या भागातील पेशींची सक्रियता बदललेली आढळली आहे. म्हणजे काहीतरी घडते आणि ते सुईच्या टोकापुरते मर्यादित राहत नाही. जुनाट वेदनेत मज्जारज्जू आणि मेंदू संदेशांची तीव्रता वाढवूनच ऐकायला लागलेले असतात. मूळ इजा निवली तरी ती सवय राहते. पल्स्ड उपचार त्या सवयीत कुठेतरी हस्तक्षेप करतो, असे मानले जाते. आंतरराष्ट्रीय वेदना अभ्यास संघटनेने २०२० मध्ये वेदनेची व्याख्या सुधारली, आणि तिच्यात ऊतींना झालेल्या इजेसारखाच अनुभव, मग इजा प्रत्यक्ष असो वा नसो, ही शक्यता स्पष्टपणे सामावली. ‘काही झालेलेच नाही’ हे वाक्य ऐकलेल्या प्रत्येकाने ती व्याख्या एकदा वाचावी असे मला वाटते.

पुराव्याविषयीही मोकळेपणाने लिहायला हवे. माकडहाडासाठी पल्स्ड रेडिओफ्रिक्वेन्सीवरचे अभ्यास थोडे आहेत आणि त्यातले बहुतेक लहान आहेत. गँग्लियन इम्पारवर दोन्ही पद्धतींची थेट तुलना करणारा एक अभ्यास २०१८ मध्ये प्रसिद्ध झाला. तो माकडहाडाच्या नव्हे, त्या परिसराच्या जुनाट वेदनेवर होता, आणि त्यात जाळण्याची पद्धत सरस ठरली. मी हा मुद्दा डॉक्टरांसमोर ठेवला तेव्हा त्या रागावल्या नाहीत. त्या म्हणाल्या की हे खरे आहे, आणि म्हणूनच त्या मला बरे करण्याचे वचन देत नाहीत, फक्त कमी जोखमीची एक पायरी देत आहेत. ज्या उपचाराची मर्यादा आधी सांगितली जाते त्यावर माझा विश्वास बसायला सोपे गेले. दोन वर्षांत मला पुष्कळ खात्र्या मिळाल्या होत्या आणि त्यांतली एकही कामी आली नव्हती.

पहिले दहा दिवस वाईट गेले. दुखणे वाढले, सुईची जागा हुळहुळी झाली, आणि तिसऱ्या रात्री मला वाटले की आहे तेही घालवून बसले. हे होऊ शकते असे त्यांनी सांगितले होते, पण ऐकलेले आणि भोगलेले यांत अंतर असते. मी एका वहीत रोज फक्त दोन गोष्टी लिहीत होते : न उठता किती मिनिटे बसता आले, आणि उठताना कळ किती सेकंद राहिली. पहिल्या आठवड्यात बसण्याची मिनिटे बारा, नऊ, दहा अशी आहेत. तिसऱ्या आठवड्यात वीस. पाचव्या आठवड्यातल्या एका मंगळवारी मी पन्नास लिहिले आणि चूक झाली असेल म्हणून पुढे प्रश्नचिन्ह काढले. उठतानाची कळ पाच-सहा सेकंदांवर आली होती. ती शून्यावर कधीच गेली नाही.

मला हवे होते ते हे नव्हते, हे मान्य करायला हवे. मला ते दुखणे संपवायचे होते, त्याचा मागमूस नको होता. मिळाले ते असे की दुखणे तिथेच राहिले, पण ते मला बोलावेनासे झाले. मी काहीतरी वाचत बसले असताना तासाभराने आठवण झाली की आपण बसलो आहोत. दुखऱ्या माणसाला या विसरण्याची किंमत विचारावी. त्या महिन्यांतच मी एका आजारी मैत्रिणीच्या उशाशी दुपारभर बसू शकले. तिला झोप लागली आणि तिचा हात माझ्या हातात होता, म्हणून मी उठले नाही. वहीत त्या दिवशी मिनिटे लिहायची राहून गेली.

आठ महिन्यांनी आकडे हळूहळू उतरू लागले. पन्नासाचे चाळीस झाले, चाळिसाचे तीस. चेतातंतू नष्ट केलेलेच नसल्यामुळे हे अपेक्षित होते, आणि उपचार पुन्हा करता येतो. दुसऱ्या वेळी मला सुधारणा लवकर जाणवली, पण पहिल्याइतकी नाही. आता तिसऱ्यांदा करायचे की हाड काढण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार करायचा, यावर आमचे बोलणे सुरू आहे. ती शस्त्रक्रिया योग्य रुग्णात चांगली लागू पडते, आणि हालचाल प्रमाणाबाहेर असलेले रुग्ण त्यात येतात. पण गुदद्वाराच्या इतक्या जवळच्या जखमेला संसर्गाचा धोका असतो आणि ती भरायला वेळ लागतो. सध्या माझा कल तिसऱ्यांदा पल्स्ड करण्याकडे आहे. बळकट कारण विचाराल तर वहीतले आकडे, आणि दुसरे कारण म्हणजे मी अजून झोळी सैल सोडायला शिकतेच आहे आणि तो अभ्यास अर्ध्यावर सोडवत नाही.

मागच्या आठवड्यात ओळखीतल्या एका मुलीचा फोन आला. तिचे बाळ सव्वा वर्षाचे आहे आणि बाळंतपणापासून तिला हेच दुखणे आहे. पुढच्या आठवड्यात तिची चाचणी आहे, फक्त बधिर करणारे औषध देणार आहेत. तिने आधी सुईविषयी विचारले, मग भुलीविषयी. शेवटी बराच वेळ घुटमळून तिने विचारले, ‘‘मावशी, पण तिथून घरी यायचं कसं? गाडीत बसायचं म्हणजे...’’ हा प्रश्न मलाही पडला होता आणि तो कुणाला विचारायचा मला संकोच वाटला होता. मी तिला सांगितले की जाताना मागच्या सीटवर कुशीवर झोपून जा, गुडघे पोटाशी घे आणि दोन्ही गुडघ्यांमध्ये उशी ठेव. येताना औषधाचा अंमल असेल, तेव्हा घाई करू नकोस, आधी तिथल्या खुर्चीवर बस, सरळ बस, मागे टेकून बस, आणि किती वेळ बसता आले ते घड्याळात बघून लिहून ठेव.